एमबीए खाते, नावे रुपये १,०००

जानेवारी २०१७ मध्ये सीए फायनलचा माझा पहिला निकाल लागला. पहिल्या ग्रुपच्या चारही पेपरांत चाळीसच्या वर मार्क होते आणि तरी मी नापास होते. तेव्हा सीएचं गणित असं होतं: प्रत्येक पेपरात चाळीस हवेतच, शिवाय ग्रुपची बेरीज निम्मी भरायला हवी, म्हणजे चारशेपैकी दोनशे. माझी भरली १९६. दुसऱ्या ग्रुपात बेरजेपर्यंत जायची वेळच आली नाही. इस्का नावाच्या पेपरात ३४ होते.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोनवर हे समजावताना माझी जास्त वाट लागली.

"सगळ्यात पास हैस, मग नापास कशात?"

"बेरजेत."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "त्यास्नी एकदा परत बेरीज मारायला सांग की."

अण्णा बार्शीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी. तूर, उडीद, ज्वारी, शेतकऱ्याच्या पट्ट्या, हमाली, तोलाई. तीस वर्षं हेच. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर घरी यायचे नाहीत. बेरीज चुकते, ती परत मारायची असते, यावर त्यांचा विठोबाइतकाच विश्वास. गंमत म्हणजे तसा अर्ज खरोखरच असतो, व्हेरिफिकेशनचा. मी केला. बेरीज बरोबर निघाली.

मी सीए व्हावं हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं तेही सांगते. दुकानाच्या वह्या वर्षातून एकदा सोलापूरला सीएकडे जायच्या. त्या लाल वह्या पिशवीत घालून एसटीनं न्यायचं काम अण्णांचं. तिथं बाहेरच्या बाकड्यावर दोन-तीन तास बसायचं, मग आतून ताळेबंद यायचा, खाली एक सही आणि शिक्का. वर्षभर लिहायचं अण्णांनी, पण बँकवाले बघायचे ती सही. "लिहिणारे लई हैत, सही एकाचीच चालती," असं ते म्हणायचे. बारावीनंतर मी सीपीटीचा, म्हणजे सीएच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला तो या एका वाक्यावर. तेव्हा मला ऑडिट म्हणजे काय हे सुद्धा नीट माहीत नव्हतं.

पुण्यात आले, सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर. अभ्यासिकेत आजूबाजूला सगळी एमपीएससीची मुलं, मधे आम्ही चार-पाच सीएवाले. त्यांच्या पुढ्यात नकाशे, आमच्या पुढ्यात कॅल्क्युलेटर. आयपीसीसीचा, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचा, पहिला ग्रुप सुटला, दुसरा पुढच्या खेपेला सुटला आणि टिळक रोडजवळच्या एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, सुरू झाली. पहिल्या वर्षी महिना हजार रुपये स्टायपेंड. कॉटचं भाडं त्याहून जास्त होतं, त्यामुळे तीन वर्षं मी काम करत होते की अण्णा मला काम करायला पैसे देत होते, हा प्रश्न अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये कुठं बसतो ते अजून सापडलेलं नाही.

पहिला अटेम्प्ट नोव्हेंबर २०१६चा. परीक्षा चालू असतानाच आठ तारखेच्या रात्री नोटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी मेसच्या काकूंनी पाचशेची नोट हातात धरून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच बंद केल्यात. "तू सीएची ना? मग सांग आता काय करायचं." मी फक्त डबा भरून घेतला. नापास व्हायला हे कारण पुरेसं नव्हतं, पण बरेच दिवस मी तेच सांगत फिरले.

मे २०१७ला दोन्ही ग्रुप परत दिले. निकाल लागेपर्यंत त्याच ऑफिसात सेमी-क्वालिफाइड म्हणून बारा हजारांवर लागले. आणि इथं एक रात्र आली, ती मला सविस्तर सांगायची आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडकलेलं आहे.

३० जून २०१७. रात्री बारानंतर जीएसटी. भोसरीत आमचा एक क्लायंट होता, बेअरिंगचा व्यापारी. जुन्या मालावर भरलेल्या एक्साइजचं क्रेडिट त्याला नव्या कायद्यात घेता येणार होतं, पण बिलं हवीत, तीही बारा महिन्यांच्या आतली, आणि त्या रात्री गोडाऊनमध्ये नेमका किती माल आहे त्याची मोजणी हवी. सरांनी मला आणि एका आर्टिकलला पाठवलं. गोडाऊन म्हणजे एका शेडचा पोटमाळा. पत्रा दिवसभर तापलेला, एकच पंखा, आणि सगळीकडे त्या ग्रीसच्या कागदाचा वास. लोखंडी रॅकवर खोकी, खोक्यांवर नंबर: ६२०३, ६२०४, ६२०५. एकानं मोजायचं, एकानं लिहायचं. दर शंभराला मोजणारा बदलायचा, नाहीतर आकडे डोळ्यांपुढं नाचायला लागतात.

६२०५ पुस्तकात ३४० होते. आम्ही मोजले ४१२.

माल कमी भरला तर कारण शोधायला लागत नाही, सगळ्यांना माहीत असतं. जास्त भरला की मजा येते. मालक काका म्हणाले, मॅडम, जाऊ द्या, जास्तच आहे ना. मी म्हटलं, जास्त कसा आला ते कळल्याशिवाय लिहिणार नाही. अकरा वाजत आलेले. खाली काउंटरवरच्या टीव्हीवर संसदेच्या सेंट्रल हॉलची तयारी दाखवत होते. काउंटरवरच्या पोराला विचारत-विचारत शेवटी तो एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. आत चिठ्ठ्या. चाकणच्या एका कारखान्यानं तीन वेळा माल परत केला होता, त्याची नोंद त्यानं चिठ्ठीवर करून डब्यात टाकली होती. टॅलीत टाकायची राहून गेली होती. २४, ३० आणि १८. बहात्तर. मी तिथल्या तिथं बेरीज मारली आणि मोठ्यानं हसले. आर्टिकलला वाटलं उकाड्यानं झालं.

खाली आलो तेव्हा बारा वाजून गेले होते, देशात जीएसटी आला होता आणि काकांनी आमच्यासाठी मस्तानी मागवून ठेवली होती, ती पार वितळलेली.

अठरा दिवसांनी निकाल लागला. पहिला ग्रुप सुटला. दुसरा राहिला, परत इस्का.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इस्का म्हणजे इन्फॉर्मेशन सिस्टिम्स कंट्रोल अँड ऑडिट. संगणक कधी चालू न करता संगणकाबद्दल शंभर मार्कांचं पाठांतर. आकडा एक नाही. आमच्या पिढीतल्या अर्ध्या पोरांची वर्षं या पेपरानं खाल्ली. पुढं नव्या अभ्यासक्रमात तो वगळलाच. म्हणजे जे येत नाही म्हणून आम्ही सीए होत नव्हतो, ते न शिकता पुढचे सीए झाले. यावर मी जास्त बोलत नाही, बीपी वाढतो.

त्याच सुमारास एमबीए घरात शिरलं. रूममेट लातूरची, इंजिनिअर, नोकरी सोडून कॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत होती. तिची पुस्तकं मी चाळायला लागले. गणित सोपं वाटलं. आणि मनात हिशोब सुरू झाला: दोन वर्षं, ठरलेली तारीख, आत गेलं की बाहेर येतंच माणूस. सीएत बाहेर कधी येणार ते कुणीच सांगत नाही. मामी दर सुट्टीला एक स्थळ आणायची आणि विचारायची, "अजून किती पेपर राहिलेत गं?" मुलाला नापास होण्यासाठी घरचे जेवढा वेळ देतात तेवढा मुलीला देत नाहीत. आईवडील द्यायला तयार असले तरी मामी असतेच. वर कुणी म्हणायचं, सीए म्हणजे डिग्री थोडीच आहे. (तेव्हा आयआयएमचा एमबीएसुद्धा कागदोपत्री डिप्लोमाच होता, पदवी द्यायचा अधिकार त्यांना २०१७च्या कायद्यानं मिळाला; आणि सीएला युजीसीनं पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं २०२१मध्ये ठरवलं. पण लग्नाच्या पंगतीत हे कुणाला सांगणार?)

कॅटचा फॉर्म भरला. ऑगस्ट ते नोव्हेंबर २०१७ मी जे जगले ते आता आठवलं तरी थकायला होतं. दिवसभर ऑफिसात जीएसटीची रिटर्न, पोर्टल बसलेलं, क्लायंटचे फोन. रात्री रूमवर जीएसटीच्या आधीच्या सेनव्हॅट क्रेडिटचे नियम पाठ, कारण नोव्हेंबरच्या परीक्षेला जुनाच कायदा होता. देशात मेलेला कायदा मी रात्री जिवंत करायचे आणि सकाळी परत पुरून यायचे. मधल्या वेळात रूममेटबरोबर पॅसेज आणि पझल. सीएचा पेपर झाल्यावर थोड्याच दिवसांत, २६ नोव्हेंबरला कॅट.

कॅट मला आवडला, हे कबूल करते. तीन तास, तीन भाग, बरोबरला तीन आणि चुकीला उणे एक. नियम स्वच्छ. पण सीएच्या सवयीनं मी एकेक प्रश्न पुराव्यानिशी सोडवत बसले. ऑडिटमध्ये शंका आली की थांबायचं असतं, तिथं शंका आली की पुढं पळायचं असतं. ८६ पर्सेंटाइल आले. लोकांना तो आकडा भारी वाटतो. शंभरातल्या ८६ मार्कांसारखा. त्यावर आयआयएमचा दरवाजा उघडत नाही. ज्या संस्थांची पत्रं आली त्यांची फी ऐकून अण्णांना सांगायचीही हिंमत झाली नाही. एका ठिकाणी मुलाखतीला मात्र गेले, बघू तरी म्हणून. ग्रुप डिस्कशनमध्ये आठ जण एकदम बोलत होते आणि मी समोरच्या कागदावर कोण काय म्हणाला ते लिहून घेत होते. शेवटी परीक्षकांनी विचारलं, तुम्ही काहीच का बोलला नाहीत? मी म्हटलं, "यातल्या दोघांनी दिलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, ते बघत होते." ते हसले. निवड झाली नाही.

जानेवारीत सीएचा निकाल: इस्का ४३! आणि कॉस्टिंगला २९.

मग मार्च २०१८ला महाराष्ट्राची एमबीएची सीईटी दिली. दोनशे प्रश्न, अडीच तास, उणे मार्क नाहीत. जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम मिळालं असतं तर हा लेख वेगळा झाला असता, हे प्रामाणिकपणे सांगते. मुंबई, आणि नाव. तेवढा स्कोअर नव्हता. प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये पुण्याबाहेरचं एक खासगी कॉलेज मिळालं. दोन वर्षांची फी साडेचार लाख. तोवर मे २०१८चा सीएचा अटेम्प्ट देऊन झाला होता आणि निकाल २० जुलैला होता. कॉलेजचं इंडक्शन १६ जुलैला. चार दिवसांचं अंतर. पंचाहत्तर हजारांचा पहिला हप्ता अण्णांनी मालकांकडून उचल घेऊन पाठवला आणि मी दाखला, मार्कशीट सगळं मूळ कॉलेजात जमा केलं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "एमबीए करायचंच तर सीए होऊन कर. सीए होत नाही म्हणून करू नकोस." वाक्य चांगलं होतं. पण बारा हजारांत जीएसटी येणारी मुलगी जुलै महिन्यात सोडायची कुणाला इच्छा असेल, हेही मला कळत होतं, म्हणून मी ते वाक्य पन्नास टक्के सूट देऊन घेतलं.

रूममेटनं उलटा सल्ला दिला. तिचं म्हणणं, एवढी वर्षं घातलीस म्हणून आणखी घालतेस हा शुद्ध वेडेपणा आहे, गेलेला पैसा हिशोबात धरायचा नसतो, हे तुझ्याच पुस्तकात आहे. होतं ते पुस्तकात, संक कॉस्ट म्हणून, मला नापास करणाऱ्या कॉस्टिंगच्याच. ती स्वतः पुढं एमबीए झाली, मार्केटिंग घेतलं आणि तिला ते शोभतं. अभ्यासिकेच्या मालकाकडून फुकट कूलर बसवून घेणारी ती पहिली मुलगी होती. ती माणसांशी बोलली की माणसं हो म्हणतात. मी बोलले की माणसं कागद शोधायला लागतात.

बारा जुलैच्या रात्री पाठकोऱ्या कागदावर मी दोन्ही बाजू मांडल्या. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. एमबीएला कर्ज सहा लाख, कारण फीशिवाय राहणं-खाणं. अकरा टक्के, पाच वर्षं, हप्ता १३,०४५. एकूण परतफेड सात लाख ब्याऐंशी हजार सातशे, आणि यात शिकत असतानाचं व्याज धरलेलंच नाही. चार लाखांच्या वर पाच टक्के आपले घालायचे. साडेसात लाखांपर्यंत तारण लागणार नव्हतं, ते एक बरं. आमच्याकडे तारणाला अण्णांची सायकल होती. व्याजावर आयकराच्या ८०ई कलमाखाली करसवलत, पण सवलत मिळायला आधी कर लागण्याइतका पगार पाहिजे. त्या कॉलेजातून लागणारे पगार मी तिथल्या दोन माजी विद्यार्थ्यांना विचारून घेतले होते. माहितीपत्रकातला सरासरी आकडा आणि त्यांनी सांगितलेला आकडा यांत ६२०५च्या खोक्यांपेक्षा जास्त फरक होता.

सीएच्या बाजूला खर्च फारसा नव्हताच. फॉर्मची फी, सहा महिन्यांची मेस. तिथं जायचं ते वय, आणि ते कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना.

हे सगळं झाल्यावर एमबीएच्या जमा बाजूला मला मनापासून काय मिळणार ते लिहायला घेतलं. पैसे सोडून. पेन बराच वेळ तसंच राहिलं. शेवटी जे लिहिलं ते असं: "इस्का नाही."

एवढंच. मार्केटिंग नको होतं, एचआर नको होतं, लोकांना हाताखाली घ्यायची हौस नव्हती. फायनान्स घेणार होते, म्हणजे जे करतेय तेच, इंग्रजी जरा बरं करून. एक पेपर टळावा म्हणून सहा लाख. आणि भोसरीच्या त्या पोटमाळ्यावर मी ज्या कामाला हसले होते ते काम तर मला आताही मिळतच होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांना फोन केला. वाटलं, उचल घेतलेल्या पैशांवरून चिडतील. त्यांनी विचारलं, "पैसे परत देतील का?" म्हटलं, देतील, नियम आहे. "मग झालं. मोड." थोडं थांबून म्हणाले, "एमबीएवाल्याची सही कुठं चालती का गं?" म्हटलं, नाही चालत. "मग तर मोडच."

नियम होता, पण देणाऱ्याची इच्छा नव्हती. कोर्स सुरू व्हायच्या आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर हजार रुपये कापून बाकी सगळी फी परत द्यायची आणि मूळ कागद अडवून ठेवायचे नाहीत, असं एआयसीटीईचं, म्हणजे अशा कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या परिषदेचं, स्पष्ट म्हणणं आहे. मी शुक्रवारी, १३ तारखेला अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच न घेता मी देवळातही नारळ देत नाही. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, फी परत मिळणार नाही, दाखला लॉकरमध्ये आहे, लॉकरवाले रजेवर आहेत. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, कोर्स सोमवारीच सुरू झाला. मी पोचेवरची तारीख दाखवली. तिसऱ्या खेपेला परिपत्रकाची प्रत घेऊन गेले, त्यातल्या ओळी पिवळ्या केलेल्या, आणि तक्रारीचा मसुदा सोबत. त्यांनी तो वाचला, मला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुम्ही लॉ करता का?" कागद त्याच दिवशी मिळाले. चेक सप्टेंबरात आला, ७४ हजारांचा.

मधे २० जुलै येऊन गेला. मी परत नापास. इस्का ३८.

पण त्याच निकालात अप्रत्यक्ष कराला ६४ होते. मेपासून त्या पेपरात जीएसटी आला होता आणि दहा महिने मी दुसरं काही केलंच नव्हतं. साठ किंवा जास्त पडले की त्या पेपरातून सूट मिळते, पुढच्या खेपेला तो द्यावा लागत नाही. उरले तीन. मामीचा फोन आला तेव्हा पहिल्यांदाच माझ्याकडे तिच्या प्रश्नाला नेमकं उत्तर होतं. "तीन राहिलेत."

नोव्हेंबर २०१८ला तीन दिले, जानेवारीत सुटले. इस्काला ४१. एक मार्क जास्त आहे, तो परत घ्यायला हरकत नाही.

आता चाकणला एका कंपनीत आहे. गाड्यांचे सुटे भाग. स्टॉक आणि कॉस्टिंग माझ्याकडे, म्हणजे ज्यात २९ पडले होते त्याच्यावरच पोट. माझ्या वरचे साहेब एमबीए आहेत आणि मला जे आकडे सापडतात ते मीटिंगमध्ये ते माझ्यापेक्षा शंभरपट चांगले मांडतात. ऑडिट रिपोर्टवर आजवर मी एकदाही सही केलेली नाही. नोकरीतल्या सीएला ती करताच येत नाही. हे अण्णांना सांगायचं मी टाळते. ते दर वेळी विचारतात, "सह्या जोरात चालल्यात ना?" मी हो म्हणते. सुट्टीचा अर्ज, कुरिअरची पोच, सह्या होतातच.

गेल्या दिवाळीत बार्शीला गेले होते. पाडव्याला अण्णांनी घरखर्चाची नवी वही घातली आणि मागच्या बाक्या ओढायला बसले. मी शेजारी बसून बघत होते. दूधवाला, किराणा, मामाकडचे हातउसने. खाली, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात: एमबीए खाते, येणे बाकी रु. १,०००. त्या कॉलेजानं कापलेले हजार. दरवर्षी ते पुढं ओढत आलेत.

म्हटलं, "अण्णा, टाका ना आता बुडीत खात्यात."

चष्म्यावरून बघत म्हणाले, "का म्हणून? कॉलेज हाय ना अजून जाग्यावर? देतील की कवातरी."